लिनक्सवर प्रोग्राम बसत नाही? कारण मशीनच सांगते

सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल घेऊन आम्ही टेंभुर्णी, कंदर, जेऊर, केत्तूर अशा उजनीकाठच्या गावांत वर्षानुवर्षे जात आहोत. पूर्वी दुकानात बसले की बोलणे पावसाचे, धरण किती टक्के भरले याचे आणि उधारीचे होत असे. आता त्यात संगणकाची भर पडली आहे. 'शेठ, तुमच्याकडे चालते का हो ही सही?' असा प्रश्न कापडाच्या दराआधी येतो.

मागच्या हिवाळ्यात याच भागातील आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचे काम हातातून गेले. एका वसतिगृहाला चादरी व टॉवेल पुरविण्याची निविदा होती. माल आमच्याकडून जायचा होता, दरही ठरला होता. निविदा ऑनलाइन भरून तिच्यावर डिजिटल सही करायची, एवढेच राहिले होते. दुकानातील जुन्या संगणकावर मुलाने लिनक्स बसविले होते. सहीचे टोकन लावले, त्यासाठी ब्राउझरला लागणारा प्रोग्राम बसवायला घेतला, तर तो बसेना. दोन तास धडपड झाली. शेवटी त्यांनी वैतागून बटण दाबून संगणक बंद केला. पुन्हा सुरू केल्यावर तर कोणताच प्रोग्राम बसेना. मुदत दुपारी तीनची होती, ती टळली. त्यांचे काम गेले आणि आमच्या टॉवेलचे गठ्ठे गोदामात राहिले.

चार दिवसांनी आम्ही पुतण्याला घेऊन त्यांच्या दुकानात बसलो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. पडद्यावर इंग्रजी ओळी धावू लागल्या की आम्हीही आधी घाबरतो. पुतण्या एकेक ओळ वाचू लागला. 'चाचा, यात तर लिहिलंय, आधीचं काम अर्धवट राहिलंय, ते पुरं करा.' पुढे दुसरे कारण निघाले, मग तिसरे. तिन्ही कारणे मशीनने लिहून दिली होती. त्या दिवशी ती कोणी वाचली नव्हती. त्या बैठकीत आणि नंतर आम्हाला जे समजले ते व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

लिनक्स दुकानात का आले?

विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना जादा मुदत मिळाली, ती एका वर्षाची. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. नवा संगणक घ्यायचा तर खर्च मोठा. लिनक्स मात्र मोफत मिळते आणि जुन्या मशीनवरही बरे चालते. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा ही त्याची प्रसिद्ध रूपे. आपल्या देशात सी-डॅकने 'बॉस' नावाचे लिनक्स तयार केले आहे.

परंतु एक गोष्ट आधी पाहावी. हिशेबाची बरीच पॅकेजे विंडोजसाठी केलेली असतात. आपले हिशेबाचे पॅकेज, प्रिंटर आणि सहीचे टोकन लिनक्सवर चालते का, याची खात्री केल्याशिवाय दुकानातील एकमेव संगणक बदलू नये.

प्लग-इन आणि पॅकेज म्हणजे काय?

ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पाने दाखविणारा प्रोग्राम. फायरफॉक्स किंवा क्रोम. पाने दाखविणे हे त्याचे काम. संगणकाला लावलेल्या टोकनमध्ये हात घालून सही करणे त्याला एकट्याला जमत नाही. त्यासाठी जोडीला दुसरा प्रोग्राम लागतो. पूर्वी असा प्रोग्राम ब्राउझरच्या आतच बसविला जाई, त्याला प्लग-इन म्हणत. आता बहुधा ब्राउझरमध्ये एक छोटी जोडणी आणि संगणकात एक वेगळा प्रोग्राम, अशी विभागणी असते. लोक दोन्हींना प्लग-इनच म्हणतात.

लिनक्सवर असा प्रोग्राम पॅकेजच्या रूपात येतो. पॅकेज म्हणजे आपल्या कापडाच्या गठ्ठ्यासारखे. आत माल, वर चिठ्ठी. मालाचे नाव काय, आवृत्ती कोणती, कोणत्या जातीच्या मशीनसाठी आहे, आणि त्याबरोबर आणखी कोणती पॅकेजे हवीत, हे त्या चिठ्ठीवर असते. लिनक्समधील पॅकेज सांभाळणारा प्रोग्राम हा गोदामाच्या मुनीमासारखा आहे. तो चिठ्ठी वाचतो, गोदामाशी ताडून पाहतो आणि जुळले तरच गठ्ठा फोडतो. जुळले नाही तर गठ्ठा परत करतो, आणि का परत केला ते लिहून देतो.

शेवटची ओळ नव्हे, वरची ओळ वाचा

नुसते माऊसने दोनदा टिचकी मारून पॅकेज बसवायला गेले की पुष्कळदा एक लहान खिडकी उघडते, 'फेल्ड' म्हणते आणि मिटते. कारण तेथे पुरते दिसत नाही. म्हणून टर्मिनल उघडावे. टर्मिनल म्हणजे हुकूम टाइप करण्याची काळी खिडकी. तेथे मुनीमाचे सगळे बोलणे दिसते.

नवखा माणूस येथे शेवटची ओळ वाचतो. उबुंटू, मिंट, डेबियनमध्ये ती बहुधा अशी असते: 'सब-प्रोसेस अमुक रिटर्न्ड अॅन एरर कोड एक'. या ओळीचा अर्थ एवढाच की काम झाले नाही. बँकेतून चेक परत आला हे कळले, पण का परत आला ते बँकेच्या मेमोवर असते. तसे खरे कारण या ओळीच्या पाच-दहा ओळी वर असते. वर सरकावे आणि 'एरर' हा शब्द प्रथम कोठे आला ते पाहावे. ती ओळ वहीत उतरवून घ्यावी किंवा मोबाईलवर तिचा फोटो काढावा. जाणकाराला फोन केला तर त्यालाही तीच ओळ लागते. 'बसत नाही' एवढे ऐकून कोणी काही सांगू शकत नाही.

पडद्यावरचे सात शब्द

इंग्रजी न येणाऱ्यानेही पुढील शब्द ओळखायला शिकावे. बहुतेक अडचणी यांतच सापडतात.

१) 'लॉक' आणि 'इंटरप्टेड'. 'कुड नॉट गेट लॉक' असे आले तर दुसरा एखादा प्रोग्राम आत्ता गोदामात काम करीत आहे आणि त्याने आतून कडी लावली आहे. पुष्कळदा ती संगणकाची स्वतःहून चालणारी सुधारणा असते. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, चहा घ्यावा, पुन्हा करावे. कडी तोडू नये आणि संगणकही बंद करू नये. तो मध्येच बंद झाला, किंवा गावाकडे होते तशी ऐन वेळी वीज गेली, तर काम अर्धवट राहते. मग 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असा संदेश येतो आणि अर्धवट काम पुरे होईपर्यंत दुसरे काहीही बसत नाही. ते पुरे करण्याचा हुकूम त्याच ओळीत लिहिलेला असतो. तो आधी 'सुडो' हा शब्द लावून जसाच्या तसा टाइप करावा. आमच्या गिऱ्हाइकाची पहिली अडचण हीच होती. ती दोन मिनिटांत सुटली. डेस्कटॉप संगणक असेल तर बॅटरीचा यूपीएस जोडल्याशिवाय पॅकेज बसवायला बसू नये.

२) 'आर्किटेक्चर'. म्हणजे मशीनची जात. संगणक ३२ बिटचा असतो किंवा ६४ बिटचा, आणि पॅकेजही तसेच. टर्मिनलमध्ये यू-एन-ए-एम-ई ही अक्षरे, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि एम असे टाइप केले की उत्तर मिळते. उत्तरात एक्स-८६ च्या पुढे ६४ आला तर ६४ बिट. आय-६८६ आले तर ३२ बिट. पॅकेजच्या नावात एएमडी-६४ असेल तर ते ६४ बिटचे. इंटेलचा संगणक असला तरी नाव तेच असते, त्याने गोंधळू नये. आय-३८६ असेल तर ते ३२ बिटचे. आमच्या गिऱ्हाइकाने ६४ बिटच्या मशीनसाठी ३२ बिटचे पॅकेज उतरविले होते. ही दुसरी अडचण. ज्यांचे लिनक्सच ३२ बिटचे आहे त्यांची वाट आता अरुंद आहे. क्रोमने त्यांना २०१६ मध्ये सोडले, फायरफॉक्सने २०२५ मध्ये.

येथेच आणखी एक जात पाहावी. डेबियन, उबुंटू, मिंट आणि बॉस यांना 'डेब' प्रकारचे पॅकेज लागते. फेडोरा व तिच्या भावंडांना 'आरपीएम' प्रकारचे. एकाचे दुसऱ्याला चालत नाही.

३) 'डिपेन्डन्सी'. म्हणजे सोबतचा माल नाही. चिठ्ठीवर लिहिलेली दुसरी पॅकेजे संगणकात नाहीत. ती एकेक शोधत बसू नये. आधी 'सुडो एपीटी अपडेट' हा हुकूम देऊन गोदामाची यादी ताजी करावी. मग उतरविलेले पॅकेज एपीटीच्याच हाताने बसवावे, म्हणजे सोबतचा माल तो स्वतः आणतो. त्यासाठी पॅकेज ज्या फोल्डरमध्ये आहे तेथेच टर्मिनल उघडावे, आणि 'सुडो एपीटी इन्स्टॉल' नंतर मोकळी जागा सोडून टिंब, तिरकी रेघ आणि त्याला लागून फाइलचे पूर्ण नाव लिहावे. टिंब आणि रेघ विसरली तर एपीटी ती फाइल सोडून आपल्या यादीत त्या नावाचा शोध घेतो आणि 'अनेबल टू लोकेट' म्हणतो. फाइल समोर दिसत असताना मशीन 'सापडत नाही' का म्हणते, याचे उत्तर पुष्कळदा ही दोन चिन्हे असतात.

४) 'हॅश सम मिसमॅच' आणि '४०४'. पहिल्याचा अर्थ, माल वाटेत बिघडला किंवा अपुरा आला. मोबाईलच्या नेटवर उतरविताना रेंज तुटली की असे होते. यादी ताजी करून माल पुन्हा उतरवावा. दुसऱ्याचा अर्थ, त्या पत्त्यावर माल नाही. लिनक्सची आवृत्ती जुनी झाली असेल तर हा आकडा दिसतो. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे सुधारणा मिळतात, मधल्या आवृत्त्यांना नऊ महिने. मुदत संपल्यावर त्यांचे गोदाम दुसरीकडे हलविले जाते. अशा वेळी उपाय एकच: नवी, दीर्घ मुदतीची आवृत्ती बसविणे.

५) 'नो स्पेस लेफ्ट'. जागा संपली. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' या हुकमाने जुनी, बिनकामाची पॅकेजे निघतात. हुकूम कोणकोणती पॅकेजे काढणार त्यांची यादी दाखवून विचारतो. ती वाचूनच होकार द्यावा.

६) 'नॉट व्हॅलिड येट'. संगणकाची तारीख मागे गेली आहे. जुन्या संगणकातील नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग आजचे प्रमाणपत्र मशीनला 'अजून लागू न झालेले' वाटते आणि ते सगळेच नाकारते. तारीख नीट लावावी आणि सेल बदलावा. हा सेल बहुधा सीआर २०३२ या क्रमांकाचा असतो व घड्याळवाल्याकडे मिळतो. काही रुपयांच्या सेलपायी दिवसभर प्रोग्रामला दोष देणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

७) 'नॉट साइन्ड' किंवा 'नो पबकी'. गठ्ठ्यावरचे सील मशीनला ओळखता आले नाही. हा एकच संदेश असा आहे की तो डावलून पुढे जाऊ नये. पॅकेज बनविणाऱ्याच्या मूळ संकेतस्थळावर सीलची किल्ली दिलेली असते. ती तेथूनच घ्यावी. सील न पाहता माल उतरवून घेणारा व्यापारी कसा फसतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

बसला, पण ब्राउझरला दिसत नाही

येथे मशीन काहीच तक्रार करीत नाही, म्हणून माणूस अधिक गोंधळतो. आमच्या गिऱ्हाइकाची तिसरी अडचण हीच होती. पॅकेज नीट बसले, टोकनचा दिवा लागला, पण फायरफॉक्स म्हणे टोकनच नाही.

कारण असे. उबुंटूच्या एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २२.०४ आवृत्तीपासून फायरफॉक्स 'स्नॅप' नावाच्या बंद पेटीतून दिला जातो. पेटीचा हेतू चांगला आहे: ब्राउझरमधून काही घुसले तर ते बाकी संगणकात जाऊ नये. परंतु पेटीत बसलेल्या ब्राउझरला बाहेर ठेवलेला टोकनचा ड्रायव्हरही पुष्कळदा दिसत नाही. 'स्नॅप लिस्ट' हा हुकूम दिला आणि यादीत फायरफॉक्सचे नाव आले, तर आपला ब्राउझर पेटीत आहे.

उपाय म्हणजे पेटीबाहेरचा फायरफॉक्स घेणे. तो बनविणारी मोझिला ही संस्था जानेवारी २०२४ पासून त्याचे डेब पॅकेज स्वतःच्या गोदामातून देते. तिच्या संकेतस्थळावर पायऱ्या दिल्या आहेत. त्यांतील प्राधान्य ठरविण्याची पायरी गाळू नये, नाहीतर उबुंटू पुन्हा पेटीतलाच फायरफॉक्स आणून देते. मिंट वापरणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही; तेथे फायरफॉक्स पेटीत नसतो.

त्यानंतर फायरफॉक्सला ड्रायव्हरची ओळख एकदा करून द्यावी लागते. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात खाली 'सिक्युरिटी डिव्हायसेस', तेथे 'लोड' हे बटण. टोकन देणाऱ्याच्या माहितीपत्रकात ड्रायव्हरच्या फाइलचा पत्ता असतो. तो तेथे द्यावा. टोकन वाचण्यासाठी पुष्कळदा 'पीसीएससीडी' नावाचे पॅकेजही लागते. ते नसेल तर एपीटीने आणावे.

जो प्लग-इन आता कोठेच मिळणार नाही

काही वेळा दोष आपला नसतो, मशीनचाही नसतो. जो माल मागतो आहोत त्याचा कारखानाच बंद झालेला असतो. ब्राउझरच्या आत बसणाऱ्या जुन्या पद्धतीच्या प्लग-इनला लिनक्सवरील क्रोमने २०१४ मध्ये दार बंद केले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळे बंद केले. ब्राउझरमध्ये जावाचे छोटे प्रोग्राम चालविण्याची सोय ओरॅकल कंपनीने २०१८ च्या जावा ११ मधून काढून टाकली. अॅडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी संपविले, आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालणेही बंद केले.

फ्लॅशच्या बाबतीत एक गंमत समजून घेण्यासारखी आहे. उबुंटूमध्ये त्याचे जे एक पॅकेज मिळत असे त्यात फ्लॅश नसेच. आत फक्त बाहेरून फ्लॅश आणून देणारा निरोप्या होता. माल काढून घेतल्यावर निरोप्या जातो, रिकाम्या हाताने परत येतो आणि पॅकेज अर्धवट राहते. अशा पॅकेजवर सात शब्दांपैकी कोणताही उपाय चालत नाही. ते काढून टाकावे, हाच उपाय. एखादी जुनी माहितीपुस्तिका 'जावा प्लग-इन बसवा' किंवा 'फ्लॅश बसवा' असे सांगत असेल तर तिची तारीख पाहावी आणि पोर्टलची नवी सूचना शोधावी. इकडून तिकडून जुना प्लग-इन मिळवून बसवू नये. त्यातील भोके बुजविणारे आता कोणी नाही.

मुळात गरज आहे का?

हा प्रश्न खरे तर सर्वांत आधी विचारावा. जीएसटीचे विवरण भरण्यासाठी डिजिटल सहीचे टोकन हवेच, असे समजून कित्येक छोटे दुकानदार खर्च करतात. कंपनी आणि एलएलपी यांना ते सक्तीचे आहे. एकट्याच्या मालकीचे दुकान किंवा भागीदारीची पेढी असेल तर नोंदविलेल्या मोबाईलवर व ईमेलवर येणाऱ्या ओटीपीनेही विवरणावर सही होते. त्याला प्लग-इन लागत नाही, आणि लिनक्सवरच्या साध्या ब्राउझरमध्येही ते काम होते.

सरकारी निविदा भरणाऱ्याला मात्र बहुधा टोकन लागते. त्याने आपले पोर्टल लिनक्सवर चालते का हे पोर्टलच्या सूचनेत आधी पाहावे. चालत नसेल तर तेवढ्या कामापुरता विंडोजचा संगणक कोठे मिळेल, याची सोय करून ठेवावी. त्यात कमीपणा नाही.

उशीर महाग पडतो. जीएसटीआर-३बी उशिरा भरले तर दिवसाला ५० रुपये, आणि निरंक असले तर २० रुपये विलंब शुल्क लागते; राहिलेल्या करावर व्याज वेगळे. जीएसटीआर-१ वेळेवर गेले नाही तर आपले बिल गिऱ्हाइकाच्या खात्यात वेळेवर दिसत नाही. त्याला त्या महिन्यात कराची वजावट मिळत नाही, आणि मग तो आपले पैसे अडवितो.

दोन गोष्टींची सावधगिरी

'सुडो' या शब्दाने सुरू होणारा हुकूम संगणकाच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. कोणी पाठविला म्हणून असा हुकूम न समजता चिकटवू नये. ते कोऱ्या चेकवर सही करण्यासारखे आहे.

दुसरे, 'दुरुस्त करून देतो' म्हणून परका माणूस फोनवरून संगणकाचा ताबा मागतो आणि जाता जाता टोकनचा पिनही विचारतो. तो कोणालाही देऊ नये. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे या सहीला कायद्याची मान्यता आहे. टोकन आणि पिन ज्याच्या हाती, त्याच्या हाती आपली सही. पिन अंदाजाने पुन्हा पुन्हा टाकूनही पाहू नये; ठराविक चुकांनंतर टोकन बंद होते.

आमच्या गिऱ्हाइकाने नंतर एक वही केली. संगणक किती बिटचा, लिनक्सची आवृत्ती कोणती, कोणते पॅकेज कोठून घेतले आणि केव्हा बसविले, हे त्यात लिहिले. पुढची निविदा निघाली तेव्हा मुदतीच्या तीन दिवस आधी टोकन लावून सही तपासून पाहिली. सही झाली, निविदा वेळेत गेली. ते काम आमच्या दरामुळे दुसऱ्याला मिळाले. त्याचे दुःख नाही. दर पुढच्या वेळी बघू. वही मात्र गल्ल्याशेजारी ठेवलेली आहे, आणि शेजारचे दोन दुकानदार ती उतरवून घेऊन गेले आहेत.